जेवणानंतरची फेरी

ठमीच्या मानेवर मागच्या बाजूला एक काळपट पट्टा होता. आई होती तेव्हा दर रविवारी तिला मोरीत बसवून तो घासायची. "मान बघ कशी झालीय. लोक म्हणतील पोरगी अंघोळच करत नाही." घासून घासून मान लाल व्हायची, पट्टा मात्र जागचा हलायचा नाही. आई गेल्यावर ठमीने केस मोकळे सोडायला सुरुवात केली आणि तो विषय मिटला.

कंपनीच्या तपासणीला आलेल्या डॉक्टरबाईंनी तिचे केस बाजूला केले तेव्हा तिला कानकोंडं झालं.

"तो मळ नाहीये," ती घाईने म्हणाली.

"मला माहितीय. साखरेचा आणि इन्सुलिनचा हिशोब बिघडला की मान अशी होते. कधीपासून आहे?"

"कॉलेजपासून."

बाईंनी रिपोर्टाचा कागद तिच्याकडे वळवला. डायबेटिस नव्हता, पण ती उंबरठ्यावर होती. "तुमचं शरीर इन्सुलिन बनवतंय, भरपूर बनवतंय. पण पेशी त्याला दाद देत नाहीत, म्हणून ते आणखी बनवतं. असं किती वर्षं ओढणार? एक दिवस थकतं. तुम्ही अजून मागे फिरू शकता, म्हणून एवढं बोलतेय."

मग बाईंनी सांगितलं ते ऐकताना ठमीला वाटलं, एवढंच? जेवल्यावर बसायचं नाही, चालायचं. ताटातलं आधी भाजी, डाळ, अंडं खायचं, भात नंतर आणि थोडा. वेळेवर झोपायचं. खुर्चीतून मधूनमधून उठायचं, मांड्यांना काम द्यायचं, कारण साखर खपते ती स्नायूंत.

खुर्ची हीच तर ठमीची नोकरी होती. पार्सल पोचवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात ती दिवसभर कानाला हेडफोन लावून बसायची. कुणाचं पार्सल फुटलेलं, कुणाचं भलत्याच दारात टाकलेलं. "तुमची गैरसोय झाली याबद्दल आम्ही दिलगीर आहोत," हे वाक्य तिच्या तोंडात इतकं बसलं होतं की एकदा घरी दूध उतू गेलं तेव्हाही तिने तेच म्हटलं होतं. दोन फोनांच्या मधे शिव्या गिळायच्या आणि खणातलं बिस्किट खायचं. दुपारी डोळे मिटायला लागायचे. तिला वाटायचं, आपण मुळातच आळशी.

घरी बाबा होते. ते बसड्रायव्हर होते. होते म्हणजे, निवृत्तीला बरीच वर्षं बाकी असताना एक दिवस राजीनामा देऊन घरी आले होते. का, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. "कंटाळा आला," एवढंच म्हणून ते खिडकीत बसले. आईने त्यानंतर लोकांचे कपडे शिवून घर ओढलं आणि शेवटपर्यंत त्यांना माफ केलं नाही. शेवटच्या आजारपणातही ती ठमीला म्हणायची, "बापासारखं अर्ध्यावर सोडायचं नाही काही." बाबा शेजारच्याच खोलीत असायचे.

त्यांना डायबेटिस जुना होता. गोळ्या आठवल्या तर घ्यायचे. "एक चमचा ही साखर नाही, ती चव आहे," असं म्हणून चहात दोन घालायचे. आई गेल्यापासून बापलेकीचं बोलणं तीन शब्दांवर आलं होतं. जेवलात? हो. गोळी? हो.

त्या संध्याकाळी मात्र ठमीने भात वाढता वाढता सगळं सांगितलं. तिला रडू येत होतं आणि सांगायला दुसरं कुणी नव्हतं. मोठा भाऊ शहराच्या दुसऱ्या टोकाला बायकोमुलांसह राहायचा. त्याला फोन केला तर तो म्हणाला असता, 'मी सांगत होतो वजन कमी कर.'

बाबा ऐकत राहिले. मग पाण्याचा पेला बाजूला सरकवून म्हणाले, "म्हणजे असं बघ. स्टॉपवर माणसं उभी आहेत, ती साखर. गाड्या लागल्यात, रिकाम्या आहेत. कंडक्टर दार बडवतोय आणि ड्रायव्हर काही दार उघडत नाही. डेपोवाले काय करतात? आणखी कंडक्टर पाठवतात. दार बंदच. माणसं रस्त्यावर."

ठमी बघतच राहिली. इतकी वाक्यं त्यांनी एका दमात बोलल्याला किती काळ लोटला होता कोण जाणे.

"मग उघडायचं कसं?"

"गाडी हलती ठेवायची. उभ्या गाडीचं दार गंजतं." त्यांनी हात धुतले आणि दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या. "चल. एकटी कुठे फिरणारेस."

अशी त्यांची फेरी सुरू झाली.

तीन जिने उतरायचे, गल्लीतून छापखान्याच्या लांब भिंतीच्या कडेने जायचं, पुढे पाण्याची टाकी, टाकीला वळसा आणि परत. पहिल्या दिवशी परतताना जिन्यात ठमीला इतका दम लागला की ती मधल्या पायरीवर बसली. बाबा दोन पायऱ्या वर उभे राहून म्हणाले, "प्रवाशांनी पायरीवर बसू नये." ती हसली, आणि हसल्यामुळे आणखी दम लागला.

हळूहळू बाबांनी त्या रस्त्याला स्टॉप पाडले. जिथे नेहमी एक पांढरं कुत्रं भुंकायचं तो 'कुत्रं भुंकतं' स्टॉप. तळमजल्याच्या खिडकीत एक जोडपं रोज त्याच वेळी भांडायचं तो 'तुझीच आई' स्टॉप. छापखान्यापुढे शाईचा वास यायचा तिथे बाबा थांबून खोल श्वास घ्यायचे. मग ते सांगू लागत. गाडीत जन्मलेल्या मुलीची गोष्ट, रोज खिडकीशी बसून रडणाऱ्या आणि शेवटच्या स्टॉपवर डोळे पुसून उतरणाऱ्या मास्तरांची गोष्ट. ठमीला कळेना, हा माणूस इतकी वर्षं घरात कुठे होता.

घरातही बदल झाले. साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला, मग एक दिवस शेजारणीकडे गेला. बाबा भाजी निवडायला बसू लागले. ताटात भात शेवटी घ्यायचा हे त्यांना मान्य नव्हतं, "आधी हमालांना जेवू घालायचं आणि साहेब बाहेर उभे," पण ऐकायचे. टीव्ही बघताना दोघं खुर्चीतून उठबस करायचे. ठमीने ऑफिसात बिस्किटांच्या खणात काकड्या आणि उकडलेली अंडी ठेवली, फोन उभ्याने घेऊ लागली. पलीकडच्या टेबलावरची म्हणाली, "काय गं, निघालीस की काय?" दुपारची झोप येईनाशी झाली तेव्हा ठमीला पहिल्यांदा कळलं की ती आळशी कधी नव्हतीच.

बाबांच्या चपलेचा अंगठा तुटायला आला होता. ठमी त्यांना बुटांच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदाराने बुटाचं टोक बोटाने दाबून पाहिलं. "काका, जरा घट्ट होतोय का?"

"मुळीच नाही. एकदम बरोबर."

ते दुकानात इकडून तिकडे रुबाबात चालून दाखवत होते. आरशापुढे त्यांनी पाय वळवून पाहिला. ठमीला इतका आनंद झाला होता की तिने दुकानदाराकडे लक्षच दिलं नाही.

पुढच्या तपासणीला डॉक्टरबाई खूश झाल्या. कंबर उतरली होती, आकडे उतरले होते. "घरी कुणी सोबत करतं का?"

"बाबा. त्यांची साखर पण उतरलीय."

"छान. त्यांचा डायबेटिस किती जुना?"

"बराच."

"मग त्यांचे पाय एकदा दाखवून घ्या. जुन्या साखरेत पायांची जाणीव जाते, लागलेलं कळत नाही. रोज तळवे बघायचे, चालणाऱ्याने तर नक्कीच."

ठमीने घरी येऊन सांगितलं. बाबा पेपर वाचत होते. "दाखवले की," ते म्हणाले. "मागच्या महिन्यात गोळ्या आणायला गेलो तेव्हा. ठणठणीत आहेत म्हणाला डॉक्टर."

तिने विश्वास ठेवला. खोटं बोलण्यासारखं त्यात काय होतं?

घरात वास यायला लागला तो त्यानंतर काही आठवड्यांनी. आधी अधूनमधून, मग सतत, गोडसर, कुजका. "उंदीर मेलाय कुठेतरी," ठमी म्हणाली. रविवारी सकाळी दोघांनी घर उपसलं. ओटा धुतला, सिलिंडर हलवला, पेट्या ओढल्या. बाबांनी एकट्याने कपाट भिंतीपासून सरकवलं, मागे झाडू घालून पाहिलं आणि म्हणाले, "इथे नाही बुवा." कोळ्यांच्या जाळ्यांशिवाय काही सापडलं नाही. खिडक्या उघड्या होत्या, फिनेलने फरशी पुसली होती, आणि वास होताच. ठमी खोलीतून खोलीत वास घेत फिरत होती. स्वयंपाकघरात कमी होता. बाबा बाहेरच्या खोलीत आले की बाहेर वाढायचा.

ती थांबली. बाबा हातात झाडू घेऊन उभे होते. पायात मोजे होते. ते हल्ली घरातही मोजे घालायचे, फरशी गार लागते म्हणून.

"बाबा, मोजे काढा."

"कशाला?"

"काढा म्हणते ना."

"काही नाहीये ठमे. जरासं खरचटलंय, मी मलम लावतोय."

त्यांना खुर्चीत बसवून तिने स्वतःच उजवा मोजा ओढला. तो निघेना, चिकटला होता. तिने ओढला तेव्हा कातडीचा तुकडा सोबत आला आणि बाबांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. ते खिडकीकडे बघत होते. करंगळीच्या खाली, बुटाच्या शिवणीने रोज घासलं होतं तिथे, एक भोक होतं. आत पांढरं दिसत होतं. बोट काळं पडलं होतं.

"दुखत नाही का हो हे?" तिचा आवाज चिरकला.

"नाही ना," बाबा म्हणाले. "तीच तर पंचाईत आहे."

हॉस्पिटलात सर्जन तरुण होता आणि घाईत होता. संसर्ग हाडात गेला होता, वर सरकत होता. बोट काढून भागणार नव्हतं. "गुडघ्याखाली कापावा लागेल. उद्या सकाळी. उशीर झाला तर जीव." मग चष्म्यावरून ठमीकडे बघत त्याने विचारलं, "इतके दिवस कुणी पाय बघितला नाही घरात?"

दादा आणि वहिनी दुपारी पोचले. दादा कॉरिडॉरमधेच सुरू झाला. "माणूस शांतपणे खिडकीत बसला होता. तुला फिरायचं खूळ लागलं तर तू फिरायचंस. म्हातारा माणूस, त्याला काय स्पर्धेत उतरवणार होतीस? आणि ते बूट. कुणी घेतले बूट?"

"मी," ठमी म्हणाली.

वहिनी म्हणाली, "अहो, पुरे," पण ती ठमीकडे बघत नव्हती.

ठमीला उत्तर देता आलं असतं. चालण्याने नाही झालं हे, न बघितल्याने झालं. जाणीव वर्षानुवर्षांच्या साखरेने नेली होती, आणि चालण्याने तीच साखर उतरली होती. हे सगळं खरं होतं आणि त्या कॉरिडॉरमधे त्याचा काही उपयोग नव्हता.

संध्याकाळी दादा चहा प्यायला खाली गेला तेव्हा ती बाबांच्या पलंगाशी बसली. पायावर पांढरं कापड टाकलं होतं.

"तुम्ही दाखवलेच नव्हते ना पाय?"

"नाही."

"का?"

बाबांनी छताच्या पंख्याकडे बघत सांगितलं. सावकाश, मधे मधे थांबत. "पायांना कळत नाही हे मला फार आधीपासून माहीत होतं. मी गाडी का सोडली? एकदा उतारावर होतो, गाडी भरलेली. ब्रेक दाबला असं मला वाटलं. पाय होता ॲक्सिलरेटरवर. मला कळलंच नाही कुठल्या पेडलवर पाय आहे, खाली वाकून बघावं लागलं. शाळेची मुलं होती गाडीत. गाडी लागली कशीबशी कडेला, कुणाला काही झालं नाही. गाडी डेपोत लावली आणि राजीनामा लिहिला."

"आईला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? की मी पोरं मारणार होतो? तिला वाटलं आळशी आहे, वाटू दे म्हटलं. आळशी बरा. मग खिडकीत बसलो. तुझं हे निघालं, तेव्हा वाटलं, चला, ह्यात तरी आपण कामाचे आहोत. पाय दाखवले असते तर पहिली गोष्ट काय म्हणाला असता डॉक्टर? चालू नका. मग तू एकटी गेली असतीस. चार दिवस गेली असतीस आणि सोडलं असतंस. मला माहीत आहेस तू."

"म्हणून?"

"म्हणून काय. मोज्यावर रक्त दिसलं तेव्हा धुऊन टाकला. वाटलं भरेल."

ठमीने त्यांचा हात धरला. तिला ओरडायचं होतं, त्यांना गदागदा हलवायचं होतं. ती म्हणाली, "बाबा, मी नसतं सोडलं." पण म्हणतानाच तिला ठाऊक होतं की तिने सोडलंच असतं.

पाय कापला. जखम भरायला फार वेळ लागला. बाबा घरी आले ते दोन माणसांनी खुर्चीत बसवून, तीन जिने वर, प्रत्येक वळणावर खुर्ची भिंतीला घासत. कृत्रिम पायासाठी माप घ्यायला माणूस आला होता. बाबा त्याच्याशी नम्रपणे बोलले आणि तो गेल्यावर म्हणाले, "नको मला." व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना त्यांनी दोनदा परत पाठवलं. ताटात जे वाढेल ते, जसं वाढेल तसं खायचे, किंवा तसंच ठेवायचे. एकदा त्यांनी चहात साखर मागितली. घरात साखर नव्हती. ठमी शेजारणीकडे जाऊन वाटीभर घेऊन आली आणि दोन चमचे घातले. त्यांनी तो चहा अर्धा प्यायला आणि कप ठेवून दिला. त्यांनी विनोद केला असता तर तिला बरं वाटलं असतं.

त्यांना एकटं सोडून ती खाली जाऊ शकत नव्हती. म्हणून रात्रीचं जेवण आटपलं की ती घरातल्या घरात चालायची, बाहेरच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत आणि परत. बाबा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. काही दिवस ते बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी ते भिंतीकडेच बघत म्हणाले, "ठमे, ते थांबव."

"काय?"

"ते पाय वाजवणं. थांबव गं."

तिने थांबवलं. ती तिथेच, दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभी राहिली आणि मग खाली बसली. त्यानंतर ती घरात चालली नाही. ऑफिसातही उभी राहीनाशी झाली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं, पाय उचलावेसेच वाटत नसत. खणात परत बिस्किटं आली.

पुढच्या तपासणीला आकडे पुन्हा चढले होते. डॉक्टरबाईंनी कारण विचारलं आणि ठमीने, का कोण जाणे, सगळं सांगितलं. "मी तुम्हाला पायांचं सांगितलं होतं," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "सॉरी. हे बोलायला नको होतं."

"सांगितलं होतं तुम्ही."

"तुम्ही चालणं सोडू नका एवढंच म्हणेन."

"हो," ठमी म्हणाली, जसं ती दिवसभर फोनवर म्हणायची.

दादाने बाबांना आपल्याकडे नेलं. त्याचं घर तळमजल्यावर होतं, ते खरंच सोयीचं होतं, आणि बाबांनी विरोध केला नाही. रिकाम्या घरात आता कितीही पाय वाजवले तरी कुणाला त्रास नव्हता. ठमी एकदा जेवून जिना उतरली, छापखान्याच्या भिंतीपर्यंत गेली. कुत्रं भुंकलं. ती तिथूनच परत फिरली.

दर रविवारी ती दादाकडे जाते. बाबा मागच्या अंगणात खुर्चीत बसलेले असतात. ती खाली बसून त्यांचा उरलेला पाय मांडीवर घेते. आधी ते पाय ओढून घ्यायचे, आता घेत नाहीत. ती बोटांच्या फटी उघडून बघते, हातातला छोटा आरसा टाचेखाली धरते, तळव्यावरून बोट फिरवते. त्यांना ते बोट कळत नाही हे तिला माहीत आहे, तरी ती हळूच फिरवते. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून बघते आणि आत जाते.

परवाच्या रविवारी ती करंगळीपाशी जास्तच वेळ थांबली. बाबांनी बऱ्याच महिन्यांनी आपण होऊन विचारलं, "आहे का काही?"

"लालसर वाटतंय. डाग असेल."

"असेल," बाबा म्हणाले. त्यांनी विचारलं नाही की कसला.

ठमीने दादाला हाक मारली, गाडी काढायला सांगितलं. दादा म्हणाला, "रविवारी कोण भेटणार? उद्या बघू." ती म्हणाली, आत्ताच. तिचा आवाज ऐकून तो चावी आणायला आत गेला. तोवर तो पाय मांडीवर घेऊन ती तिथेच बसून राहिली. बाबा तिच्या डोक्यावरून पलीकडे, अंगणाच्या भिंतीकडे बघत होते.